ईव्ह ऑनलाइनमधील हल्ले आणि हानी

ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडमधील सीसीपी गेम्स या कंपनीने तयार केलेला आणि ६ मे २००३ रोजी प्रकाशित झालेला, इंटरनेटवरून हजारो जणांनी एकाच वेळी खेळायचा अंतराळविषयक संगणकीय खेळ आहे. या खेळात एक खेळाडू दुसऱ्याच्या यानावर जवळजवळ कोठेही हल्ला करू शकतो आणि नष्ट झालेले यान मालकाला परत मिळत नाही. या दोन नियमांमुळे खेळाडू एकमेकांवर हल्ला का करतात आणि काल्पनिक वस्तू गमावल्याचे दुःख खरे का वाटते, या प्रश्नांच्या चर्चेत ईव्ह ऑनलाइनचे उदाहरण वारंवार दिले जाते. प्रस्तुत लेखात या खेळातील हल्ल्यांचे प्रकार, त्यांमागील प्रेरणा, हानीचा अनुभव आणि खेळ व छळ यांमधील सीमारेषा यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

अनेकांनी एकत्र खेळायच्या संगणकीय जगांचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या 'मड' या केवळ मजकुरावर चालणाऱ्या खेळापासून मानला जातो. बार्टल यांनी पुढे १९९६ साली लिहिलेल्या निबंधात अशा खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : साध्य गाठू पाहणारे, जग धुंडाळणारे, गप्पागोष्टींत रमणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. चौथ्या प्रकाराला त्यांनी 'किलर' म्हणजे मारेकरी असे नाव दिले. मारेकऱ्याला वस्तूंपेक्षा दुसऱ्या माणसावर होणारा परिणाम महत्त्वाचा वाटतो, हे त्यांचे निरीक्षण या विषयाच्या अभ्यासात पायाभूत ठरले.

लुकासफिल्म कंपनीच्या 'हॅबिटॅट' या १९८०च्या दशकातील चित्रमय खेळात हाच प्रश्न उभा राहिला होता. तेथील रहिवाशांना शस्त्रे मिळत आणि काहींनी ती एकमेकांवर चालवण्यास सुरुवात केली. अशी हत्या हा गुन्हा मानावा की खेळातील गंमत, याविषयी खेळाडूंचे मत घेतले असता ते जवळजवळ निम्मे निम्मे विभागले गेले. एका खेळाडूने तर खेळातच धर्मस्थान उभारून आपल्या अनुयायांना शस्त्र बाळगण्यास व चोरी करण्यास मनाई केली.

१९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात वाटमारी करणाऱ्या खेळाडूंचा उपद्रव इतका वाढला, की २००० साली निर्मात्यांनी जगाच्या दोन आवृत्त्या केल्या. एका आवृत्तीत पूर्वीप्रमाणे हल्ल्याला मुभा होती, तर दुसऱ्या आवृत्तीत संमतीशिवाय हल्ला करता येत नसे. बहुसंख्य खेळाडूंनी सुरक्षित जगाची वाट धरली. त्यानंतरच्या अनेक खेळांनी हल्ला ऐच्छिक ठेवण्याचे धोरण स्वीकारले. तीनच वर्षांनी प्रकाशित झालेल्या ईव्ह ऑनलाइनने मात्र नेमका उलटा मार्ग पत्करला.

खेळाची रचना

खेळातील काल्पनिक विश्वाला 'न्यू ईडन' असे नाव असून त्यात सात हजारांहून अधिक ताराप्रणाली आहेत. चीनमधील स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरातील सर्व खेळाडू एकाच जगात वावरतात. त्यामुळे एखाद्याने मिळवलेली कीर्ती किंवा अपकीर्ती सर्वत्र त्याच्यासोबत जाते.

प्रत्येक प्रणालीला सुरक्षिततेचा एक अंक दिलेला असतो. ०.५ ते १.० या अंकांच्या प्रदेशाला उच्च सुरक्षा, ०.१ ते ०.४ यांना अल्प सुरक्षा, तर शून्य व त्याखालील प्रदेशाला शून्य सुरक्षा म्हणतात. उच्च सुरक्षेच्या प्रदेशात 'कॉन्कॉर्ड' हे संगणकनियंत्रित पोलीस दल बेकायदा हल्ला करणाऱ्याचे यान हमखास नष्ट करते. परंतु हे दल हल्ल्यानंतर काही सेकंदांनी पोहोचते. ते शिक्षा देते, संरक्षण देत नाही. हा भेद न उमगल्याने पहिले यान गमावणारे नवखे खेळाडू पुष्कळ असतात. शून्य सुरक्षेच्या प्रदेशात पोलीसच नाहीत. तेथे खेळाडूंच्या संघटना भूभागावर ताबा मिळवतात, कर आकारतात, तह करतात आणि युद्धे लढतात. या संघटनांना खेळात 'कॉर्पोरेशन' आणि त्यांच्या समूहांना 'अलायन्स' म्हणजे आघाडी असे म्हटले जाते.

हानीचे स्वरूप

यान नष्ट झाल्यावर त्यावर बसवलेली उपकरणे व आतील माल यांतील प्रत्येक वस्तू वाचण्याची शक्यता साधारण निम्मी असते. वाचलेल्या वस्तू भग्नावशेषात राहतात आणि त्या कोणीही उचलू शकतो. चालक एका लहान कुपीतून बाहेर पडतो. तीही फोडली गेल्यास त्याचे पात्र दुसरीकडे नव्या देहात जागे होते, मात्र मेंदूत बसवलेली महागडी उपकरणे कायमची जातात. २०१४ पर्यंत देहाची प्रत वेळोवेळी अद्ययावत न ठेवणाऱ्याला शिकलेल्या कौशल्यांचाही काही भाग गमवावा लागे. हा नियम त्या वर्षाच्या अखेरीस रद्द झाला. यानाचा विमा उतरवता येतो, परंतु भरपाई केवळ यानाच्या मूळ सांगाड्याची मिळते. उपकरणे आणि माल यांची मिळत नाही.

यान, शस्त्रे आणि दारूगोळा यांतील बहुतांश वस्तू खेळाडूंनीच तयार केलेल्या असतात. कोणी लघुग्रहांवरून खनिज काढतो, कोणी ते वाहून नेतो, कोणी कारखाना चालवतो, तर कोणी जिता या मोठ्या बाजारपेठेत ते विकतो. यान फुटले की त्याच्या जागी नवे लागते आणि कारागिराला काम मिळते. त्यामुळे नाश हाच येथील अर्थव्यवस्थेचा ग्राहक आहे, असे म्हणता येते. या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासासाठी कंपनीने २००७ साली एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञाची नेमणूक केली होती.

खेळातील चलनाला 'इस्क' म्हणतात. खऱ्या पैशाने विकत घेतलेली 'प्लेक्स' नावाची वस्तू खेळात इस्कच्या बदल्यात विकता येते. त्यावरून मोठ्या हानीची किंमत डॉलरमध्ये सांगण्याची प्रथा पडली आहे. ही किंमत अप्रत्यक्ष असते. नष्ट झालेली बहुतेक याने पैसे देऊन घेतलेली नसून खेळातील श्रमांतून उभी राहिलेली असतात.

हल्ल्यामागील प्रेरणा

आर्थिक लाभ. उच्च सुरक्षेच्या प्रदेशात मालवाहू यानांवर होणारे 'आत्मघाती' हल्ले हे याचे ठळक उदाहरण होय. हल्लेखोर स्वस्त याने घेऊन येतात, पोलीस पोहोचण्यापूर्वी लक्ष्य फोडतात आणि स्वतःची याने गमावतात. दुसऱ्या पात्राकरवी लूट उचलली जाते. मालाची किंमत हल्ल्याच्या खर्चापेक्षा पुरेशी अधिक असेल तर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. पूर्वी पोलिसांनी फोडलेल्या यानाचाही विमा हल्लेखोराला मिळत असे. तो २०११ साली बंद करण्यात आला. अल्प सुरक्षेच्या प्रदेशात यान जखडून ठेवून खंडणी मागण्याची पद्धतही प्रचलित आहे. खंडणी घेतल्यावर शब्द पाळायचा की नाही, हे त्या त्या चाच्याच्या लौकिकावर अवलंबून असते.

प्रदेश आणि सत्ता. मोठ्या आघाड्यांची युद्धे भूभाग, खनिजे आणि प्रतिष्ठा यांसाठी होतात. प्रणालींना जोडणाऱ्या द्वारांवर नाकाबंदी करून शत्रूची रसद तोडणे, पुरवठा करणाऱ्यांना लक्ष्य करणे आणि शत्रूच्या संघटनेत हेर पेरणे हे नित्याचे उपाय आहेत. अशा युद्धात सामान्य खेळाडू बहुधा समोरच्याचा द्वेष करत नसतो. तो आपल्या गटाच्या हाकेला ओ देत असतो.

कौशल्याची कसोटी. काही खेळाडू तुल्यबळ लढतीच्या शोधात एकटेदुकटे हिंडतात. लढत संपल्यावर जिंकणारा आणि हरणारा दोघांनीही 'छान लढत' अशा अर्थाचा संक्षिप्त संदेश टाकण्याचा शिष्टाचार या वर्गात आढळतो. प्रत्येक नाशाचा तपशील खेळात आपोआप नोंदला जातो आणि अशा नोंदी एकत्र करणारी संकेतस्थळेही आहेत. कोणी कोणाचे किती किमतीचे यान फोडले हे सर्वांना पाहता येते. ही कायमची वही हल्ल्याला प्रोत्साहन देते आणि हरणाऱ्याची लाजही वाढवते.

दुसऱ्याच्या प्रतिक्रियेचा आनंद. खेळाडूंच्या बोलीत बळीच्या संतापाला 'अश्रू' म्हणतात आणि काही हल्लेखोर लुटीपेक्षा हे अश्रू गोळा करण्यात रमतात. बार्टल यांचा मारेकरी तो हाच. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली मांडलेल्या विचारानुसार निनावीपणा, समोरच्याचा चेहरा न दिसणे आणि 'हे सारे खोटेच आहे' अशी समजूत यांमुळे इंटरनेटवर माणसाचा संकोच गळून पडतो. ईव्ह ऑनलाइनमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

शिस्त लावण्याचा आव. २०१२ पासून एका गटाने उच्च सुरक्षेतील खाणकाम करणाऱ्यांकडून १ कोटी इस्कचा परवाना घेण्याची मागणी सुरू केली. संगणकासमोर न बसता खाणकाम चालू ठेवणाऱ्यांमुळे खेळ बिघडतो, असा त्या गटाचा दावा होता. परवाना नसलेल्यांची याने फोडली जात. या चळवळीत विडंबन किती आणि गांभीर्य किती, यावर खेळाडूंमध्ये कायम वाद राहिला.

हानीचा अनुभव

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार तेवढ्याच लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा हानीने होणारे दुःख अधिक तीव्र असते. १९९२ सालच्या त्यांच्या निबंधात हे प्रमाण सुमारे सव्वादोन पट आढळले. एखादी वस्तू आपली झाली की तिचे मोल आपल्या लेखी वाढते, या प्रवृत्तीकडे रिचर्ड थेलर यांनी १९८० साली लक्ष वेधले. या दोन्ही गोष्टी पडद्यावरील यानालाही लागू पडतात. यान खोटे असले तरी ते मिळवण्यासाठी घालवलेल्या संध्याकाळी खऱ्या असतात.

लढतीच्या वेळी हात थरथरणे, छाती धडधडणे, तोंडाला कोरड पडणे असे अनुभव या खेळातील खेळाडू सर्रास सांगतात. पराभवानंतर पुनःपुन्हा आरंभ करता येणाऱ्या खेळांत हे अनुभव सहसा इतके तीव्र नसतात. अनेक वर्षे खेळलेल्यांची ही थरथर ओसरते. ती नाहीशी झाल्याची खंतही काहीजण व्यक्त करतात.

एकाच घटनेचा अनुभव दोन्ही बाजूंना सारखा नसतो. हल्लेखोराच्या दृष्टीने तो दहा सेकंदांचा, आधीच हिशेब मांडलेला व्यवहार असतो. तो लढाईला तयार होऊनच आलेला असतो आणि त्याला काय गमवायचे आहे हे ठाऊक असते. बळीच्या दृष्टीने तो कामाच्या मध्येच झालेला आघात असतो. एकाला जी चाल वाटते, तीच दुसऱ्याला अन्याय वाटते. या खेळातील वादांचे मूळ बहुतांशी या विषमतेत आहे. वरचढ गटाने ठरवून केलेल्या हल्ल्यात बळीला आपल्या कौशल्याने काहीच करता येत नाही, तेव्हा हानीपेक्षा हतबलता अधिक झोंबते.

विश्वासघाताने होणारी हानी आणखी निराळी असते. यान फुटले तर नवे बांधता येते. ज्याच्याशी वर्षभर रोज बोलणे झाले तो मित्र हेर निघाला, तर मागील सर्व संभाषणांचा अर्थच बदलतो. अशा घटनेनंतर खेळ सोडून देणाऱ्यांचे अनुभव खेळाडूंच्या आठवणींत वारंवार येतात.

जे यान गमावणे परवडत नाही ते चालवू नये, हा या खेळातील पहिला धडा मानला जातो. यान मिळताच ते गेलेलेच आहे असे समजावे, असेही जुने खेळाडू नवख्यांना सांगतात. अनेक संघटना युद्धात फुटलेल्या यानांची भरपाई सामायिक निधीतून देतात. त्यामुळे एकट्याची हानी गटात वाटली जाते आणि तिची धार कमी होते.

उल्लेखनीय घटना

• २००५ : भाडोत्री कामे करणाऱ्या 'गाइडिंग हँड सोशल क्लब' या गटाने दुसऱ्या एका संघटनेत दीर्घकाळ माणसे पेरून तिची कोठारे लुटली आणि तिच्या प्रमुखाचे यान व देह नष्ट केला. लुटीची किंमत सुमारे १६,५०० डॉलर सांगितली गेली. कोणताही नियम मोडला नसल्याने कंपनीने हस्तक्षेप केला नाही.

• २००९ : 'बँड ऑफ ब्रदर्स' या बलाढ्य आघाडीतील एक अधिकारी शत्रूपक्षाला फितूर झाला आणि त्याने आपल्या अधिकारात संपूर्ण आघाडीच विसर्जित केली. रणांगणावर जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते फितुरीने एका रात्रीत साधले.

• २०१२ : 'गूनस्वॉर्म' या आघाडीने जिता येथील व्यापारी वाहतुकीवर सामुदायिक आत्मघाती हल्ले केले. हा प्रकार 'बर्न जिता' म्हणून ओळखला जातो. निर्मात्यांनी तो थांबवला नाही.

• २०१४ : २७ व २८ जानेवारी रोजी बी-आर५आरबी या प्रणालीत सुमारे २१ तास लढाई झाली. प्रणालीच्या ताब्यासाठी भरावयाचे शुल्क वेळेवर न भरले गेल्याने ती उघडी पडली, हे लढाईचे निमित्त ठरले. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तीत सहभागी झाले. 'टायटन' या सर्वांत मोठ्या वर्गातील ७५ याने नष्ट झाली. त्यांपैकी ५९ पराभूत पक्षाची होती. हानीचा अंदाज ३ लाख डॉलरहून अधिक केला गेला. या लढाईची स्मृती म्हणून निर्मात्यांनी खेळातील त्या प्रणालीत भग्न यानांचे कायमचे स्मारक ठेवले आहे.

• २०२० : डिसेंबरच्या अखेरीस एम२-एक्सएफई येथील लढाईत २५० हून अधिक टायटन नष्ट झाले.

नवखे खेळाडू

नव्या खेळाडूंना हल्ल्यांमुळे खेळ सोडावासा वाटतो का, हा प्रश्न कंपनीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंच्या पहिल्या १५ दिवसांची पाहणी कंपनीने २०१५ साली मांडली. उच्च सुरक्षेत बेकायदा हल्ल्याला बळी पडलेले खेळाडू त्यांत एक टक्क्याच्या आसपास होते आणि ते इतरांपेक्षा अधिक काळ खेळात टिकले, असे तीत दिसून आले. यावरून हल्ला झाल्याने खेळाडू टिकतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. जो अधिक वेळ खेळतो, दूरवर हिंडतो आणि किमती माल वाहतो, त्याची गाठ हल्लेखोराशी पडण्याचा संभव मुळातच अधिक असतो.

संघटनांमधील घोषित युद्धांबाबत मात्र चित्र वेगळे होते. मोठे गट लहान संघटनांवर एकतर्फी युद्ध पुकारत आणि त्या काळात लहान संघटनांचे सदस्य खेळायला येणेच थांबवत. २०१८ च्या अखेरीस नियम बदलून, ज्या संघटनेच्या मालकीचे अवकाशस्थानक आहे तिच्यावरच युद्ध पुकारता येईल असे ठरवण्यात आले.

२०१९ साली जुलै ते सप्टेंबर या काळात शून्य सुरक्षेच्या प्रदेशात कोण उपस्थित आहे हे दाखवणारी यादी प्रायोगिक तत्त्वावर बंद करण्यात आली. धोका दिसेनासा झाल्यावर शिकार वाढेल अशी शिकाऱ्यांची अपेक्षा होती. पण अनेकांनी त्या प्रदेशात जाणेच कमी केले आणि खेळाडूंची संख्या घटली. शेवटी यादी पूर्ववत करण्यात आली.

नवख्यांना शिकवणाऱ्या खेळाडूंच्या संस्थाही आहेत. २००४ साली स्थापन झालेली 'ईव्ह युनिव्हर्सिटी' ही त्यांपैकी सर्वांत जुन्या संस्थांत गणली जाते. पहिले यान कसे चालवावे यासोबतच ते गमावल्यावर काय करावे, हेही तेथे शिकवले जाते.

खेळातील हल्ला आणि माणसावरील हल्ला

ईव्ह ऑनलाइनमध्ये चोरी, फसवणूक, खंडणी आणि फितुरी यांना सामान्यतः मुभा आहे. त्यामुळे मनाई कशाला आहे, हे पाहिल्यास निर्मात्यांनी आखलेली सीमारेषा स्पष्ट होते. नवख्यांच्या आरंभीच्या प्रणालींत त्यांना त्रास देणे, खेळातील चलन खऱ्या पैशाला विकणे आणि पात्रामागील माणसाचा छळ करणे या गोष्टी निषिद्ध आहेत.

२००९ साली खेळाडूंनी चालवलेल्या 'ईबँक' या काल्पनिक बँकेच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज इस्क लंपास करून ते खऱ्या पैशाला विकले. घर आणि मुलाचे औषधपाणी यांसाठी पैसे हवे होते, असे त्याने सांगितले. कंपनीने त्याला खेळातून बाद केले. मात्र त्याचे कारण ठेवी लुटणे हे नव्हते. खऱ्या पैशाचा व्यवहार हे होते.

२०१२ साली आइसलँडमधील वार्षिक मेळाव्यात खेळाडूंच्या निर्वाचित परिषदेच्या अध्यक्षाने, आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या एका खेळाडूला खेळात गाठून त्रास द्यावा, असे व्यासपीठावरून सुचवले. यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. त्याने क्षमा मागितली, अध्यक्षपद सोडले आणि कंपनीने त्याला ३० दिवसांसाठी खेळातून निलंबित केले. २०१४ साली फसवणुकीला बळी पडलेल्या खेळाडूंना ध्वनिसंभाषणात तासन्‌तास अपमानित करण्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हाही कंपनीने कारवाई केली. यान लुटणे हा खेळ होता. लुटल्यानंतर माणसाला लाचार करणे हा छळ ठरला.

ही रेषा सोपी नाही. लक्ष्य यान आहे की माणूस, हे हल्ल्याच्या कृतीवरून नेहमी ओळखता येत नाही. तेच यान त्याच शस्त्राने फुटते. यान फुटल्यानंतर हल्लेखोर थांबतो का, एकाच खेळाडूचा पिच्छा पुरवतो का आणि बळीच्या खासगी जीवनाला हात घालतो का, यांवरून फरक कळतो.

मूल्यमापन

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या १४ संगणकीय खेळांत ईव्ह ऑनलाइनचा समावेश होता. या खेळाचे समर्थक म्हणतात, की गमावण्याची भीती नसेल तर मिळवण्याला आणि जपण्याला अर्थ उरत नाही. विश्वासघात शक्य आहे म्हणूनच या जगात जडलेल्या मैत्रीला मोल आहे, असाही त्यांचा युक्तिवाद असतो. टीकाकारांच्या मते हे मोल सर्वांकडून सारखे वसूल होत नाही. ज्याच्यापाशी वेळ, माहिती आणि सोबती आहेत त्याला हानी सोसवते, एकट्या नवख्याला ती खेळाबाहेर घालवते.

दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत आहे : हानीचे दुःख खरे असते. समर्थक त्या दुःखातच खेळाचा प्राण पाहतात आणि टीकाकार त्याची जबाबदारी कोणाची, असे विचारतात. खेळाडूंच्या संघटनांनी उभारलेले भरपाईचे निधी, शिकवणीच्या संस्था आणि लढतीनंतरचा शिष्टाचार ही या प्रश्नाला खेळाडूंनी स्वतःच दिलेली उत्तरे होत.

हेही पाहा

• अल्टिमा ऑनलाइन
• रिचर्ड बार्टल
• डॅनियल कानेमन
• हानिविमुखता
• संगणकीय खेळ